बोर्ड बसवणाऱ्यानंच तो तपासू नये

मे २००९. मानवतला आक्काच्या घरी विजेचा नवा बोर्ड बसवून मला जेमतेम दीड महिना झाला होता. भरदुपारी भाचा ओल्या पायांनी कूलरमध्ये पाणी ओतायला गेला आणि त्याचा हात पत्र्याला चिकटला. दाजींनी पळत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून लेकरू वाचलं. उजव्या तळव्यावरचा भाजल्याचा डाग मात्र गेला नाही. आता तो तिशीत आहे, तरी हात मिळवताना माझी नजर आधी तिथंच जाते.

बोर्ड मी बसवला होता आणि टेस्ट रिपोर्टवर सही माझीच होती. वीजकामाच्या पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र होतं, वीस वर्षं हातात पेचकस धरलेला होता, घर बहिणीचं होतं. कामात कुचराई केली असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. अर्थिंगचा नवा खड्डा घेतला होता आणि मोजमाप ३ ओहम आलं होतं. नव्या बोर्डाच्या अर्थ लिंकवर, म्हणजे सगळ्या अर्थ तारा एकत्र येतात त्या पट्टीवर, तांब्याची तार आणून घट्ट आवळली होती.

तिसऱ्या दिवशी जिंतूरहून एक जुने पर्यवेक्षक आले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मीच त्यांना बोलावलं होतं, कारण मला काही सापडत नव्हतं. त्यांनी बोर्ड उघडलासुद्धा नाही. मीटरची एक वायर अर्थ लिंकला लावली आणि दुसरी हॉलच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या, भोकात घातली. मीटरनं काहीच दाखवलं नाही. जुना बोर्ड काढून नवा दीड फूट बाजूला बसवताना हॉलकडं जाणारी जुनी अर्थची तार गिलाव्याच्या आत तुटून राहिली होती. खड्डा मी मोजला होता आणि बोर्डही मोजला होता. सॉकेटचं भोक मोजलं नाही, कारण ती तार जोडलेली आहे हे मला ‘माहीत’ होतं. कूलरच्या मोटारीची वाइंडिंग बॉडीला लागली आणि त्या विजेला जायला जागाच उरली नाही. आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, दाजी पुढच्या महिन्यात घेऊ म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती.

त्या दिवसापासून मी माझ्या कामाची शेवटची तपासणी स्वतः करत नाही. पुढं जे लिहितोय ते बोर्ड बदलू पाहणाऱ्या घरमालकांसाठी, दुकानदारांसाठी, गिरणीवाल्यांसाठी आणि माझ्याच धंद्यातल्या तरुण पोरांसाठी आहे.

कोणत्या बदलाला तपासणी हवी

बल्ब गेला, पंख्याचा रेग्युलेटर गेला, एक स्विच खराब झाला, तर कुणाला तपासायला बोलवायची गरज नाही. नियमसुद्धा असाच भेद करतात. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत एक जुनी शब्दयोजना होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या सुरक्षा नियमांतही ती राहिली: ज्या बदलानं मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही अशी दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची अदलाबदल सोडली, तर बाकी सगळ्या कामाला परवानाधारक ठेकेदार, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक आणि परवाना असलेला तारतंत्री (वायरमन) लागतो. हा नियम काम कुणी करायचं याबद्दल आहे. पण स्वतंत्र तपासणी कधी हवी हे ठरवायला मी हीच दोन शब्दांची फूटपट्टी वापरतो: क्षमता आणि स्वरूप.

क्षमता म्हणजे बोर्डातून आधी जेवढी वीज जात होती त्याहून जास्त जाणार का. एसी आला, गीझर आला, शेगडी आली, बोअरची मोटार मोठी झाली, मंजूर भार वाढवला, सिंगल फेजचं थ्री फेज केलं. यातलं काहीही झालं तरी क्षमता बदलली. आणि आपल्याकडं सर्वांत जास्त घडणारी, कुणी बदल म्हणून मोजतच नाही अशी गोष्ट: सारखी पडते म्हणून १६ ॲम्पिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) काढून ३२ची टाकणं. दहा मिनिटांचं काम, दोनशे रुपयांची वस्तू. पण भिंतीतली तार तीच दीड चौरस मिलिमीटरची राहते. एमसीबी ही उपकरणासाठी नसते, तारेसाठी असते. ३२ची एमसीबी ३२ ॲम्पिअरपर्यंत शांत बसणार, आणि दीडची तार पाइपात त्याच्या किती तरी आधी तापून मऊ पडणार. पडणारी एमसीबी तुम्हाला काही तरी सांगत असते. मोठी एमसीबी टाकून आपण तिचं तोंड बंद करतो. हा बदल मी पुनर्तपासणीच्या यादीत सर्वांत वर ठेवतो.

स्वरूप म्हणजे मांडणीची जात बदलली का. लाकडी फळीवरचे चिनीमातीचे किटकॅट फ्यूज काढून एमसीबीचा डबा बसवला की लोकांना वाटतं, फ्यूजच्या जागी फ्यूज आला. तसं नसतं. जुन्या बऱ्याच बोर्डांवर फेजलाही किटकॅट आणि न्यूट्रललाही किटकॅट असायचा. न्यूट्रलचा उडाला की घरात अंधार, पण प्रत्येक होल्डरपर्यंत फेज जिवंत. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा स्विच टाकायला नियमांनी बंदी आहे, तरी असे बोर्ड मी आजही उघडतो. नवा डबा बसवताना सगळे न्यूट्रल एका लिंकवर आणावे लागतात. कोणत्या फेजचा कोणता न्यूट्रल हे जुन्या माणसानं कुठंही लिहून ठेवलेलं नसतं. दोन सर्किटांचे न्यूट्रल मिसळले की आरसीसीबी सारखी पडते. मग वायरमन काय करतो? आरसीसीबीला बाजूनं जंपर मारतो आणि ‘आता पडत नाही’ म्हणून पैसे घेऊन जातो. समोर आरसीसीबी दिसते, ती काहीच करत नसते. ही गोष्ट डोळ्यांनी कळत नाही, मोजूनच कळते.

इन्व्हर्टर, जनरेटर आणि सोलर हे तिन्ही स्वरूप बदलतात, कारण घरात विजेचा दुसरा उगम येतो. लाईट गेल्यावर जनरेटर चालू केला आणि चेंजओव्हर (बाहेरची वीज तोडून जनरेटरची जोडणारा स्विच) नीट नसला, तर तुमची वीज उलटी डीपीकडं जाते. डीपी एका बाजूनं ११ हजार व्होल्ट घेऊन दुसऱ्या बाजूनं घरची वीज देतो. तोच उलटा चालला की वरच्या तारांत पुन्हा हजारो व्होल्ट येतात, आणि लाईन बंद आहे समजून लाईनमन त्याच तारांना हात घालतो. सोलरचं वेगळंच असतं. घरातला मेन स्विच पाडला तरी छतावरून येणारी डीसी तार ऊन आहे तोवर जिवंत राहते, काही शे व्होल्ट घेऊन. पीएम सूर्यघर योजना २०२४ला आल्यापासून आमच्याकडं गल्लीगल्लीत पॅनल चढले. पॅनल बसवणारी माणसं छतावरचं काम बऱ्यापैकी करतात. पण खाली घरातल्या पंचवीस वर्षं जुन्या बोर्डात तार कुठं घुसवली हे कुणी पाहत नाही.

घराचं वय हेही माझ्या दृष्टीनं एक कारण. १९९३च्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या घरांत जिथं मूळ वायरिंग आहे, त्या तारांना आता तीस वर्षं होऊन गेली. माळवदाच्या जुन्या घरांचा प्रश्न आणखी निराळा. श्रावणात झड लागली की पांढऱ्या मातीतून पाणी झिरपतं आणि भिंतीतून उतरत थेट बोर्डामागं येतं. उन्हाळ्यात केलेली तपासणी अशा घरात निम्मीच समजायची. आणि बोर्ड एकदा भिजला, त्यातून धूर आला किंवा कुणाला शॉक बसला, तर ‘वाळला की लावू’ हे चालणार नाही. तिथं नवा बदल नसला तरी तपासणी हवी.

कायदा स्वतः कुठं बोलावतो

इथं एक गैरसमज आधी दूर करतो. विद्युत निरीक्षक हा महावितरणचा माणूस नव्हे. तो राज्य शासनाचा, ऊर्जा विभागाचा अधिकारी असतो आणि त्याची नेमणूक विद्युत अधिनियम २००३च्या कलम १६२खाली होते. महावितरण वीज विकते आणि मीटरपर्यंत तिची जबाबदारी असते. मीटरच्या पुढची मांडणी तुमची. मीटर बसवायला आलेला कर्मचारी ‘ओके’ म्हणाला याचा अर्थ आतलं सुरक्षित आहे असा नव्हे. त्यानं ते पाहिलेलंच नसतं.

ठरावीक व्होल्टेजच्या वरची मांडणी, म्हणजे आपल्या भागात जिनिंग, डाळमिल, स्टीलचे कारखाने यांचे स्वतःचे ट्रान्सफॉर्मर, निरीक्षकाच्या मंजुरीशिवाय चालू करता येत नाही. १५ मीटरहून उंच इमारत, ठरलेल्या क्षमतेच्या वरचा जनरेटर, लिफ्ट हेही त्याच वाटेनं जातात. या मर्यादा शासन अधिसूचनेनं ठरवतं आणि त्या बदलतात. म्हणून कुणाच्या तोंडचा आकडा धरू नका. जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात आपली मांडणी सांगून विचारा. मी आजवर जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा सरळ उत्तर मिळालं.

त्याच अधिनियमाचं कलम ५४ मात्र आमच्याकडं फारच थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर थोडा थांबतो. ज्या जागी एरवी शंभर किंवा जास्त माणसं जमण्याची शक्यता असते, किंवा जी जागा कारखाना आहे, तिथं २५० वॅट आणि १०० व्होल्टच्या वर वीज वापरण्याआधी निदान सात दिवस आधी विद्युत निरीक्षकाला आणि जिल्हाधिकाऱ्याला लेखी सूचना द्यावी लागते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात जिल्हाधिकाऱ्याऐवजी पोलीस आयुक्ताला. २५० वॅट म्हणजे काय, तीन-चार पंखे! मग प्रत्येक मंगल कार्यालय यात आलं. मागच्या दहा वर्षांत सेलू-परभणी रस्त्यावर किती मंगल कार्यालयं झाली ते पाहा. पहिल्या वर्षी पंखे आणि दिवे. तिसऱ्या वर्षी हॉलला एसी, मागं मोठा जनरेटर, लॉनवर रोषणाई. बोर्ड मात्र तोच, फक्त त्याला आणखी एक डबा चिकटवलेला. लग्नाच्या दिवशी सातशे माणसं आत, आचाऱ्याच्या भट्ट्या मागं, आणि पॅनलच्या खोलीत खुर्च्यांचा ढीग. अशा जागी पॅनल बदललं तर स्वतंत्र तपासणी ऐच्छिक आहे असं मी मानतच नाही.

लातूरच्या शिकवणीला गेलेली आपली मुलं ज्या खोल्यांत राहतात त्याही मी याच दर्जात धरतो. राहत्या घराला लाकडी फळ्या मारून बारा खोल्या केल्या, प्रत्येकीत कूलर, इस्त्री, पाणी तापवायची रॉड, आणि खाली बोर्ड एका कुटुंबाचा. मुलाला ठेवायला जाल तेव्हा अभ्यासिका, जेवण याबरोबर बोर्डाचा तपासणी अहवालही मागा. मालक नाही म्हणाला तर निदान बोर्ड उघडून आरसीसीबी आहे का एवढं पाहून या.

एकदा जोडलेल्या मांडणीचीही ठरावीक काळानं तपासणी व्हावी असं सुरक्षा नियम सांगतात, आणि ते अंतर पाच वर्षांहून जास्त नसावं. घरगुती ग्राहक हे कधीच पाळत नाहीत. म्हणून बोर्ड बदलण्याचा दिवस हाच बहुतेकांच्या आयुष्यातला एकमेव तपासणीचा दिवस असतो.

बोलवायचं कुणाला

मोठ्या मांडणीला विद्युत निरीक्षक, किंवा शासनानं अधिकृत केलेला सनदी विद्युत सुरक्षा अभियंता. घराला आणि लहान दुकानाला एवढ्या वर जायची गरज नसते. परवाना असलेला दुसरा पर्यवेक्षक पुरतो. पण तो खरंच ‘दुसरा’ असला पाहिजे. काम करणाऱ्याचा भागीदार नको, त्याचा सोयरा नको, ज्या दुकानातून सामान घेतलं त्या दुकानाचा माणूस नको. त्याचे पैसे तुम्ही द्या, ठेकेदाराच्या हातून जाऊ देऊ नका. अहवाल चांगला आला काय, वाईट आला काय, त्याला मिळणारी रक्कम तीच असू द्या. आणि त्यानं काढलेल्या चुका त्यानंच दुरुस्त करायच्या नाहीत, नाही तर चुका काढण्यात त्याचा फायदा सुरू होतो. लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून मी नेहमी शेजारच्या तालुक्यातला माणूस सुचवतो. मी मानवत, पाथरीच्या कामांना जातो आणि माझी कामं जिंतूरचे किंवा परतूरचे लोक तपासतात.

खरी अडचण पैशाची नसते, भिडेची असते. ‘भाऊ, तुमचा माझ्यावर भरवसा नाही का?’ हा प्रश्न आला की माणूस गप्प होतो. म्हणून ही गोष्ट काम संपल्यावर काढू नका, भाव ठरवतानाच काढा. ‘शेवटचा हप्ता तपासणी झाल्यावर, तपासणारा मी आणणार’ असं पहिल्या दिवशी साधेपणानं सांगा. जो वायरमन यावर चिडतो त्याला काम देऊ नका. माझ्या अनुभवात चांगली माणसं चिडत नाहीत. उलट त्यांनाही हायसं वाटतं, कारण उद्या काही झालं तर पहिला दगड त्यांच्यावरच पडणार असतो. तपासणीच्या वेळी काम करणारा हजर असावा. त्याची झडती घ्यायला नव्हे, तर कोणती तार कुठून नेली हे त्याच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही म्हणून.

आणि वेळ साधा. गिलावा आणि रंग व्हायच्या आधी, बोर्डाचं झाकण उघडं असताना. भिंतीतल्या तारांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, फुटपट्टी लावून. माझ्या आक्काच्या घरचा एक फोटो जरी कुणी काढला असता तरी ती तुटलेली तार दिसली असती.

त्या दिवशी काय काय झालं पाहिजे

तपासणारा आला, टेस्टर खुपसून दिवा पाहिला, ‘झकास’ म्हणाला आणि चहा पिऊन गेला, तर ती तपासणी नव्हे. तुम्हाला तंत्र येत नसलं तरी कोणती कामं झाली पाहिजेत ते ठाऊक असू द्या.

आधी वीज बंद ठेवून. प्रत्येक तार हातानं ओढून पाहायची. सैल टोक हे बोर्ड जळण्याचं सर्वांत साधं कारण आहे. सर्व्हिस वायर ॲल्युमिनिअमची आणि बोर्डातली तांब्याची असेल तर दोन्हींच्या मध्ये योग्य लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) हवा. नुसतं पीळ मारून टेप गुंडाळलेला असेल तर तिथंच थांबा. मग प्रत्येक सॉकेटच्या वरच्या भोकापासून बोर्डाच्या अर्थ लिंकपर्यंत तार सलग आहे का हे मोजायचं. घरातल्या सगळ्या सॉकेटचं, ‘नमुन्यादाखल दोन’ असं चालत नाही. वीस मीटर लांबीच्या दीडच्या तांब्याच्या तारेला पाव ओहमच्या आसपास रोध असतो. त्यामुळं मीटरनं पाच-दहा ओहम दाखवले तर मध्ये कुठं तरी गंज किंवा सैल जोड आहे. काहीच दाखवलं नाही तर ती आक्काच्या घरची गोष्ट.

नंतर मेगर. हे यंत्र तारेवर ५०० व्होल्ट डीसी टाकून बाहेरचं आवरण वीज अडवतं का ते पाहतं. निदान १ मेगओहम हवा. नव्या तारांना तो शेकड्यांत येतो, म्हणून नव्या कामात दोन-तीन मेगओहम आले तरी मी पास करत नाही, कुठं तार सोलली गेली ते शोधायला लावतो. मेगर लावण्याआधी टीव्ही, फ्रिज, एलईडी दिवे, सर्ज प्रोटेक्टर सगळं सोडवून ठेवा, नाही तर ते ५०० व्होल्ट त्यांच्यात जातील.

अर्थिंगवर मला जास्त बोलायचंय, कारण आपली जमीन फसवी आहे. आमची काळी माती पावसाळ्यात ओली असते तेव्हा अर्थिंग सुरेख येतं. तीच माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, आक्रसते आणि पाइपापासून सुटते. माझ्या स्वतःच्या आखाड्यावरचा खड्डा ऑगस्टमध्ये ४ ओहम दाखवतो आणि मेमध्ये १९. बालाघाटाकडं मुरूम आणि खडक, तिथं याहून अवघड. अर्थिंगच्या भारतीय मानकात पाइपची लांबी निदान अडीच मीटर सांगितलीय. दोन फुटांवर खडक लागला म्हणून पाइप कापून पुरणारे मी पाहिलेत. कोळसा-मीठ टाकून विसरून जाऊ नका. एसीचं गळणारं पाणी किंवा आरओचं टाकाऊ पाणी नळीनं त्या खड्ड्याकडं वळवा. पाण्याच्या दुष्काळात हेच पाणी परवडतं.

आता हा हिशेब पाहा. अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि गीझरची फेज बॉडीला लागली. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा ॲम्पिअर जमिनीत जाणार. १६ची एमसीबी साडेअकराला कधीच पडत नाही. सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला रेटिंगच्या पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० ॲम्पिअर. थोडक्यात, एमसीबी चालू, दिवे चालू, आणि गीझरचा नळ शॉक देणारा. आरसीसीबीला मात्र ३० मिलिॲम्पिअर पुरतात, म्हणून खराब जमिनीतही ती काम करते. घरगुती जोडणीला नियमांनी ३० मिलिॲम्पिअरचीच मर्यादा घातलीय. दुकानदार १०० किंवा ३००ची देत असेल तर ती घरासाठी घेऊ नका. तिनं माणूस वाचत नाही.

काही जण अर्थिंग न घेता सॉकेटच्या अर्थला न्यूट्रल जोडून देतात. मीटर छान आकडा दाखवतो, टेस्टरचा दिवा लागतो, सगळं बरोबर वाटतं. ज्या दिवशी बाहेर खांबावर न्यूट्रल तुटेल त्या दिवशी घरातल्या सॉकेटला जोडलेल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर २३० व्होल्ट येतील. तपासणाऱ्याला हे मुद्दाम विचारा: ‘अर्थ आणि न्यूट्रल कुठं जोडलेले नाहीत ना?’

शेवटी वीज चालू करून. फेज-न्यूट्रल प्रत्येक सॉकेटला बरोबर बाजूला आहेत का, आणि आरसीसीबी यंत्रानं तपासली का. तिचं टेस्ट बटण दाबून पडली एवढ्यावर भागत नाही. बटण फक्त आतली यंत्रणा हलते का ते सांगतं, तुमच्या अर्थिंगचं किंवा सॉकेटच्या तारेचं काही सांगत नाही. यंत्रानं ३० मिलिॲम्पिअर सोडले की ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाच पट सोडले की ४०च्या आत ती पडली पाहिजे. निम्म्याला, म्हणजे १५ला, पडता कामा नये. नंतर घरातलं सगळं एकदम तासभर चालवा, आणि अंतरावरून तापमान मोजणारं यंत्र बोर्डातल्या प्रत्येक टोकावर धरा. एखादं टोक शेजाऱ्यापेक्षा ठळकपणे गरम असेल तर तिथं जोड सैल आहे.

कागद

‘सर्व ठीक’ असा अहवाल घेऊ नका. आकडे हवेत: कोणत्या सर्किटला किती मेगओहम, अर्थिंग किती ओहम आणि कोणत्या महिन्यात मोजलं, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडली, कोणत्या तारेवर किती ॲम्पिअरची एमसीबी. खाली तपासणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, तारीख. न जमलेल्या गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या हव्यात, आणि दुरुस्तीनंतर त्या पुन्हा मोजल्याची नोंद हवी. मंजूर भार वाढवला असेल तर ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट महावितरणला द्यावाच लागतो. तो आणि हा अहवाल हे दोन निराळे कागद आहेत. एक दिला म्हणून दुसरा झाला असं नाही.

अहवालाची एक प्रत बोर्डाच्या दारामागं प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवा. प्रत्येक एमसीबीखाली मराठीत लिहा: हॉल, माडी, देवघर, बोअर, गीझर. घरातल्या आजीलाही रात्री बॅटरीच्या उजेडात कळलं पाहिजे कोणतं पाडायचं. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं बटण दाबा. आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहिताना ऑगस्ट लिहू नका, एप्रिलचा शेवट लिहा, जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हाचा. आक्काच्या बोर्डावर तेच लिहिलंय. दर पाच वर्षांनी जिंतूरहून माणूस येतो. पहिल्यांदा आले होते ते आता थकलेत, त्यांचा शिष्य येतो. मी बाजूला उभा राहून तारा कुठून नेल्यात तेवढं सांगतो, आणि तो सुरुवात हॉलच्या सॉकेटपासून करतो.